दैवाची पाळी पाचवी

टेक्सासमधल्या फ्रिस्कोत कार्यसिद्धी हनुमानाचे मंदिर आहे, म्हैसूरच्या दत्तपीठाशी जोडलेले. नवी गाडी घेतली की डॅलसच्या उत्तरेकडची कित्येक भारतीय कुटुंबे ती आधी देवळात आणतात. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढे हार, एक नारळ आणि चारही टायरांखाली एकेक लिंबू. गाडी हातभर पुढे सरकते, लिंबे चिरडतात आणि इडापिडा टळली असे मानून मंडळी घरी जातात. २००० च्या जनगणनेत जेमतेम चौतीस हजार वस्तीचे असलेले हे गाव २०२० मध्ये दोन लाखांच्या वर गेले. त्या वाढीबरोबर आपली माणसे आली आणि त्यांच्या पगारांबरोबर नवे शौकही आले. त्यातला एक म्हणजे वर्षातून दोन-चारदा आपली रोजचीच गाडी घेऊन रेसट्रॅकवर जाणे. जवळ हवे तर डेकेटरचे ईगल्स कॅन्यन आहे, फोर्टवर्थच्या पलीकडे क्रेसनचे मोटरस्पोर्ट रँच आहे, आणि हौस मोठी असेल तर ऑस्टिनचे सर्किट ऑफ दि अमेरिकाज आहे, जिथे फॉर्म्युला वनच्या शर्यती होतात. लिंबे चिरडून आलेली गाडी तिथे न्यायची तर टायर कोणते घालावेत, ब्रेक पॅड कोणते बसवावेत, हा प्रश्न दिसायला गॅरेजवाल्याचा आहे. मला तो धर्मविचाराचा वाटतो. काही बरेवाईट झाले तर त्यातले किती दैवावर टाकण्याचा आपल्याला अधिकार आहे, हे त्या निवडीतच ठरून जाते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत. ज्यावर कर्म उभे राहते ते अधिष्ठान, करणारा कर्ता, त्याची साधने म्हणजे करण, त्याच्या नाना तऱ्हेच्या हालचाली म्हणजे चेष्टा, आणि पाचवे दैव. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. दैव यादीतून वगळलेले नाही, पण त्याला पहिला पाटही दिलेला नाही. टायर आणि पॅड हे करण. ते निवडणारा कर्ता. पहिल्या चार कारणांचा हिशेब झाल्यावर जे उरेल, तेवढ्यापुरते दैवाचे नाव घ्यावे. याज्ञवल्क्यस्मृतीत याच मुद्द्यासाठी रथाचा दाखला आहे. एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषकारावाचून दैव फळत नाही. कठोपनिषदातल्या रथाला घोडे आहेत, लगाम आहेत, सारथी आहे, पण चाकांची विचारपूस तिथे कोणी केलेली नाही. ती धर्मशास्त्रकाराला करावी लागली. खटल्यांचा निवाडा करणाऱ्या माणसाला चाके विसरून चालत नसावे.

आता करणाकडे जरा जवळून पाहू. दीड टन वजनाची गाडी ताशी साठ किलोमीटरने येऊन सिग्नलला थांबते, तेव्हा ब्रेकना साधारण दोन लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत जिरवावी लागते. हीच गाडी ऑस्टिनच्या लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी दोनशेवरून ऐंशीवर आणायची तर आकडा एकोणीस लाखांच्या पुढे जातो. एका दाबात नऊपट, आणि सिग्नलला डिस्क निवायला जी सवड मिळते ती इथे नाही. वीसेक मिनिटांच्या सत्रात प्रत्येक फेरीला असे चार-दोन जोरदार ब्रेक लागतातच. शहरातल्या वापरासाठी बनवलेल्या पॅडमध्ये सगळे घटक धरून ठेवणारे जे रेझिन असते, ते एका तापमानापुढे वायू सोडू लागते आणि घर्षण ओसरते. पेडल पायाखाली घट्ट लागते, पण गाडी थांबायला तयार नसते. दुसरी तऱ्हा याहून वाईट. ब्रेक ऑइल हवेतले पाणी हळूहळू पिते. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तीच अट १५५ अंशांवर उतरते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे धरतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल सरळ तळाला टेकते आणि चालवणाऱ्याच्या हाती काहीही उरत नाही. त्या क्षणी त्याच्या तोंडून देवाचे नाव निघाले तर ते स्वाभाविकच आहे. प्रश्न त्या क्षणाचा नाहीच, त्याच्या आधीच्या दोन वर्षांचा आहे.

योगवासिष्ठाच्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात वसिष्ठ रामाला जे सांगतात ते इथे अक्षरशः लागू पडते. त्यांच्या मते दैव नावाची वेगळी शक्ती नाही; पूर्वी केलेला प्रयत्नच आज दैव म्हणून समोर येतो. जुना प्रयत्न आणि नवा प्रयत्न दोन एडक्यांसारखे टकरा घेतात आणि जो बलवान तो जिंकतो. वसिष्ठांचे हे म्हणणे पूर्णपणे मान्य करावे की नाही यावर वाद होऊ शकतो, मी स्वतः ते सगळे मान्य करत नाही, पण ब्रेक ऑइलबाबत त्यात खोट काढता येत नाही. दोन वर्षांपूर्वी बदलायचे राहून गेलेले ऑइल आज बाराव्या वळणावर दैव होऊन उभे राहते. डब्यावर इशारा होता, गाडीच्या पुस्तकात मुदत होती, ट्रॅकवर जाण्याआधी भरायच्या तपासणीच्या फॉर्ममध्येही हा प्रश्न होता आणि त्यापुढे टिकमार्क करून सही ठोकली होती. एवढी लेखी साक्ष मागे ठेवून येणाऱ्या गोष्टीला अकल्पित म्हणणे ही दैवाचीच बदनामी आहे.

पण याची दुसरी बाजू अधिक अडचणीची आहे आणि ती सहसा बोलली जात नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगेल याने १९७६ साली नैतिक नशिबावर एक निबंध लिहिला, बर्नार्ड विल्यम्सच्या त्याच विषयावरच्या निबंधाला उत्तर म्हणून. त्यात त्याने ट्रक चालवणाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. या ड्रायव्हरने ब्रेक वेळेवर तपासून घेतलेले नाहीत आणि नेमके एक मूल चाकांसमोर आले. हा माणूस आयुष्यभर स्वतःला अपराधी मानतो. तसाच हलगर्जीपणा केलेला दुसरा ड्रायव्हर आहे, त्याच्या रस्त्यात मूल आलेच नाही, आणि तो रात्री स्वस्थ झोपतो. हलगर्जीपणा दोघांचा सारखाच, फरक केवळ योगायोगाचा. नेगेलने हे कोडे सोडवल्याचा दावा केला नाही. पाच कारणांची यादी हाती धरली तर मात्र एक वाट दिसते. फळ पाचांचे मिळून असते, दोष मात्र पहिल्या चारांवरून मोजावा. तसे मोजले की सही ठोकून ट्रॅकवर गेलेला आणि सुखरूप परत आलेला माणूस त्या ट्रकवाल्याइतकाच दोषी ठरतो. हे ऐकायला कठोर वाटते. पण आपण एरवी करतो काय? अपघात झाला की दैव आठवते, आणि धडपणे परतलो की आपले कसब आठवते. केवळ आपणच कर्ता असे मानणाऱ्याला गीतेच्या त्याच अध्यायात दुर्मती म्हटले आहे. तो शब्द अपघातानंतरच्या रडण्यापेक्षा घरी परतल्यावरच्या फुशारकीला जास्त लागू पडतो. सुखरूप येणे हा निर्दोष असल्याचा पुरावा होत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग चांगल्यात चांगले, रेसचेच पॅड आणून बसवावेत म्हणजे प्रश्न मिटला. तो मिटत नाही. पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले साधारण तापमानातले घर्षण सांगते, दुसरे तापल्यावरचे. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे त्याच्या वर ०.५५ पर्यंत. ही अक्षरे इंचभर तुकड्यावर प्रयोगशाळेत घेतलेल्या चाचणीतून येतात, ट्रॅकवरच्या तापमानाबद्दल त्यांच्यावर फार विसंबता येत नाही. खरा पेच वेगळाच आहे. सहा-सातशे अंशांवर नीट काम करणारे पॅड गार असताना नीट पकडत नाहीत. डिसेंबरच्या सकाळी शाळेपाशी, नुकत्याच सुरू केलेल्या गाडीत, पहिल्या ब्रेकला ते कमी पडतात. शिवाय किंचाळतात, डिस्क खातात, आणि त्यांची काळी पूड रिमवर चिकटून बसते. पण ते नुसते उपद्रव झाले. गार असताना न पकडणे हा धोका आहे, आणि तो पत्करायला शाळेसमोरून रस्ता ओलांडणाऱ्या मुलाने कुठलाही फॉर्म भरलेला नाही. रामायणातल्या दशरथाकडे कौशल्याची उणीव नव्हती. शब्दवेधी बाण मारणारे तसे थोडेच. काळोखात पाण्यात घडा बुडाल्याचा आवाज ऐकून हत्ती समजून त्याने बाण सोडला आणि पाणी भरायला आलेला मुलगा गेला. साधन उत्तम, नेम अचूक, पण ते जिथे चालवले ती जागा आणि वेळ त्या साधनाची नव्हती. रेसचे पॅड घालून सोमवारी ऑफिसला जाणाऱ्याची चूक याच जातीची आहे. पर्याय दोनच आहेत. एक तर मधल्या प्रतीचे, रस्त्यावर गारही चालतील आणि ट्रॅकवर बेताच्या वेगात टिकतील असे पॅड घ्यावेत आणि त्यांच्या मर्यादेत गाडी चालवावी. नाहीतर ट्रॅकसाठी वेगळा संच ठेवून आधी तो आणि नंतर रस्त्याचा असा दरवेळी बदलावा, नवे पॅड डिस्कवर बसवून घेण्याच्या सोपस्कारासकट. दुसऱ्यात शनिवार-रविवार जातो. जाऊ द्यावा.

टायरांचे तेच, फक्त तिथे आकडे जास्त फसवे आहेत. टायरच्या बाजूवर झिजेचा एक अंक असतो. तो ठरवणारी चाचणी टेक्सासमध्येच, सॅन अँजेलोच्या आसपासच्या सार्वजनिक रस्त्यांवर ७,२०० मैल गाडी चालवून घेतली जाते. मात्र तिच्यावरून अंक द्यायचा अधिकार टायर बनवणाऱ्या कंपनीचाच. त्यामुळे दोन कंपन्यांच्या दोनशे या अंकाचा अर्थ एकच असेल असे धरून चालता येत नाही. ट्रॅकवर जाणारे बहुतेक याच दोनशेच्या आसपासचे मऊ रबर शोधतात. ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस, हँकूकचा आरएस४, फाल्कनचा आरटी६६० ही नावे त्यांच्या तोंडी असतात. कोरड्या, तापलेल्या डांबरावर हे टायर खरोखर पकड सोडत नाहीत. पण ते उन्हाळ्याचे टायर आहेत. पारा सात अंशांच्या खाली गेला की रबर कडक होते, आणि गोठणबिंदूखाली ते वापरू नका असे कंपन्या स्वतःच सांगतात. टेक्सासात थंडी कुठली, असे म्हणणाऱ्याने १६ फेब्रुवारी २०२१ आठवावी. त्या दिवशी डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर उणे एकोणीस अंशांची नोंद झाली. आणखी एक गोष्ट लोक बघत नाहीत. टायरवर कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते सांगतात. नक्षी भरपूर शिल्लक असलेले, पण सात वर्षांचे आणि अनेकदा तापून निवलेले टायर ट्रॅकवर नेणारा माणूस खोलीवरून विहीर जोखतो, पाणी बघत नाही.

आता याहून मूलभूत आक्षेपाकडे येऊ. घरात बायको-मुले असताना माणसाने केवळ मजेखातर हा धोका पत्करावाच का? मनुस्मृतीत कामातून उपजणारी दहा व्यसने मोजली आहेत आणि त्यात मृगया पहिली आहे. दशरथही मृगयेलाच गेला होता. ट्रॅकवरचा दिवस ही आजच्या सुस्थितीतल्या नोकरदाराची मृगयाच नव्हे काय? या आक्षेपात वजन आहे, आणि ‘नाहीतर ती माणसे डॅलस नॉर्थ टोलवेवर वेगात चालवतील’ हे नेहमीचे उत्तर मला लंगडे वाटते. एक अपराध टाळतो म्हणून दुसरी गोष्ट पुण्य ठरत नाही. माझे उत्तर असे. धर्मशास्त्राने व्यसन म्हटले ते आवर नसलेल्या शौकाला. जिथे वेळ बांधलेली, दिशा एकच, समोरून वाहन नाही, पुढच्याने खिडकीतून हात दाखवल्याशिवाय मागच्याने ओलांडायचे नाही, झेंडा दिसला की वेग टाकायचा, अशा जागी आवर हाच खेळाचा पाया असतो. मात्र ही सूट फुकट मिळत नाही. अमेरिकेत गाडीचे नेहमीचे विमे बहुधा ट्रॅकवरच्या नुकसानीला लागू होत नाहीत, वेगळा विमा त्या दिवसापुरता घ्यावा लागतो. घरच्यांना हे न सांगता जाणारा माणूस घरच्यांच्या पैशाने जुगार खेळतो. आणि धोका माझा मी घेतो, हे वाक्य तर सपशेल खोटे आहे. नवख्याच्या शेजारच्या सीटवर पहिले काही दिवस शिकवणारा बसतो. त्याच्या पुढे ना स्टिअरिंग, ना ब्रेक. अनोळखी माणसाने अनोळखी गॅरेजात बसवून घेतलेल्या पॅडवर तो आपला जीव ठेवतो. पॅडची निवड खासगी राहत नाही ती इथे.

भक्ताचा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. सगळे देवावर सोपवले, मग एवढा कीस कशाला? हनुमानाच्या देवळात उभे राहून हा प्रश्न विचारणाऱ्या मराठी माणसाला समर्थ आठवायला हवेत. गावोगाव मारुती बसवणाऱ्या रामदासांनीच प्रयत्नाला देवाच्या पंक्तीला बसवले आणि दासबोधात करंटेपणाची लक्षणे सांगताना आळसाला झोडपले. मंदिर दत्तपीठाचे, तर दत्तपरंपरेतलाही एक दाखला आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, आणि एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पुऱ्या केलेल्या टीकेमुळे ते आपल्या घरोघरी पोचले. त्यातला एक गुरू बाण घडवणारा कारागीर आहे. राजाची मिरवणूक वाजतगाजत समोरून गेली तरी त्याची नजर बाणाच्या सरळपणावरून हलली नाही. अवधूताने एकाग्रता शिकण्यासाठी निवडला तो हत्यार घडवणारा, हे मला अर्थपूर्ण वाटते. शरण जाणे म्हणजे काम दुसऱ्यावर ढकलणे नव्हे. म्हणून लिंबू चिरडण्याला हसणाऱ्या बुद्धिवाद्याशीही माझे जमत नाही. खंडेनवमीला हत्यारे उतरवून, पुसून, तेल देऊन पुजायची रीत आहे. त्या पूजेत पुसणे आणि तेल देणे आधी येते. गाडीच्या पूजेतून तेवढा भाग गळला आणि लिंबू उरले, तक्रार करायची तर त्याबद्दल करावी.

राहिला निष्कामतेचा मुद्दा. फळाची आसक्ती सोड म्हणणारी गीता अपघाताची चिंता कशाला करायला लावते, असे कोणी चतुराईने विचारतो. लोकमान्यांनी गीतारहस्यात हा घोळ शंभर वर्षांपूर्वीच निस्तरला आहे. सोडायची ती फळाची आशा, साधनांची काळजी नव्हे. ट्रॅकवर तर हे फार ठळक दिसते. फेरीची वेळ हे तिथले फळ. त्या वेळेच्या मागे लागलेला माणूस टायर आधी घेतो आणि ब्रेक ऑइल नंतर बघू म्हणतो. तिचा नाद सोडलेला माणूस पॅडची जाडी मोजतो, निम्म्याहून कमी उरले असतील तर जातच नाही.

एवढे करूनही दैव उरतेच, आणि ते नाकारणारे वसिष्ठ मला इथे पटत नाहीत. पुढच्या गाडीचे इंजिन फुटून वळणावर तेल सांडते. टेक्सासच्या माळावरून हरीण आत येते. कारखान्यातच चीर गेलेला एखादा बोल्ट नेमका त्या दिवशी तुटतो. याला दैव म्हणण्याचा अधिकार ज्याने कमावला आहे त्याने ते खुशाल म्हणावे, आणि त्याला कोणी दोष देऊ नये. तपासण्याची हौस एका टोकाला गेली की तोही भीतीचा रोग होतो. पुरेसे म्हणजे किती, याचे उत्तर मला देता येते ते असे: जे कळण्यासारखे होते, स्वस्तात बदलण्यासारखे होते आणि ज्यावर दुसऱ्याचा जीव होता, ते केले असले म्हणजे पुरे.

म्हणून पैसे मोजकेच असतील तर खर्चाचा क्रम असा ठेवावा. पहिल्यांदा ताजे, जास्त तापमान झेलणारे ब्रेक ऑइल, मग पॅड, टायर सर्वांत शेवटी. चिकट टायर वळणावरचा वेग वाढवतात, नवख्याच्या चुका लपवतात आणि ब्रेकवरचा भार आणखी वाढवतात, शिवाय त्यांची किंमत बाकी दोन्हींपेक्षा जास्त. आणि तिन्हींपैकी पहिल्या दोहोंसाठीही पैसे नसतील, तर त्या महिन्यातला ट्रॅकचा दिवस रद्द करावा.